टेकडीवरचा मुका इन्व्हर्टर

९ ऑक्टोबर, गुरुवार

पहिला इन्व्हर्टर आज परत गेला. ह्यांनी तो खोक्यात भरताना असा चेहरा केला होता की बघणाऱ्याला वाटावं, घरातलं माणूस लांबच्या प्रवासाला निघालंय.

मी काय केलं? विचारलं म्हणून खरं सांगितलं, एवढंच. मंगळवारी आम्ही टेकडीवरच्या आमच्या खोपटात पहिल्यांदा मुक्कामाला गेलो. (हे त्याला केबिन म्हणतात. एक खोली, एक पडवी, लाकडी भिंती — म्हणोत बापडे.) विजेचा खांब टेकडीच्या पायथ्याशीच संपतो. म्हणून छपरावर सोलरची पॅनल, कोपऱ्यात बॅटरी आणि भिंतीवर बॅटरीची वीज घरात खेळवणारा इन्व्हर्टर. ह्यांनी बटण दाबलं. दिवा लागला. फ्रिज सुरू झाला. हे माझ्याकडे वळून बघणार, तेवढ्यात इन्व्हर्टरच्या पोटातला पंखा — घूंऽऽ. थांबायचा, वाटायचं सुटलो, की पुन्हा घूंऽऽ.

"हा तर व्हेंटिलेटर आहे," मी म्हटलं.

"अगं, साधा पंखा आहे आतला."

मला सांगतात! सगळी नोकरी आयसीयूत गेली माझी. कुठलं यंत्र कशाला घूं करतं ते मला झोपेतही कळतं.

निवृत्त होताना मी एकच मागणं मागितलं होतं. सहल नको, दागिना नको. जिथे एकही यंत्र आवाज करत नाही अशी जागा हवी. ह्यांचं टेकडीचं वेड तर लग्नाच्याही आधीचं. जन्मभर लोकांच्या इमारतींचे नकाशे काढले, स्वतःसाठी ही एक खोली. तेव्हा तह असा ठरला: टेकडी ह्यांची, शांतता माझी. आवाज असेल तर मी वर राहणार नाही, आणि मी नाही तर हेही नाहीत. खालचा फ्लॅट लेकीच्या ऑफिसातल्या कुणाला तरी भाड्याने हवाय. द्यायचा की नाही ते नोव्हेंबर संपायच्या आत सांगायचं आहे.

तोवर इन्व्हर्टर शोधणे आले.

११ ऑक्टोबर, शनिवार

जेवणाच्या टेबलावर माहितीपत्रकांचा डोंगर. ताट मांडीवर घेऊन जेवले.

ह्यांनी फोनवर आवाज मोजायचं काहीतरी उतरवून घेतलंय. सकाळपासून सगळं घर मोजून झालं. मिक्सर, नळ, शेजारच्यांचा दरवाजा. मी बोलत असताना हळूच फोन माझ्यासमोर धरला. आकडा वाचला आणि काही न बोलता खिशात घातला. शहाणे आहेत.

१२ ऑक्टोबर, रविवार

लेकीचा फोन. ह्यांनी तिला पाऊण तास इन्व्हर्टर समजावला. शेवटी ती म्हणाली, "बाबा, आईला दे जरा."

मला म्हणते, "आई, तू खरंच एवढ्याशा आवाजाने उठून येशील?"

"येईन."

"मग बाबा काय करतील?"

"घूं ऐकत बसतील."

हसली. मग म्हणाली, "आई, त्या केबिनचा नकाशा ते मी शाळेत असल्यापासून काढतायत गं. खिडकी कुठे असावी ते मला विचारायचे."

मला माहीत नाही का! खिडकी चार वेळा हलली आहे. पण अट ती अट.

मी रात्री फ्रिज बंद ठेवू म्हटलं असतं, तर सगळाच प्रश्न मिटला असता. दिवे मालवले की इन्व्हर्टरचं काम संपलं. पण ह्यांची इन्सुलिनची इंजेक्शनं फ्रिजमध्ये. तिथे मीच तडजोड करणार नाही. म्हणजे इन्व्हर्टर अखंड चालू राहणार आणि तरी तोंड उघडणार नाही, असा हवा. नवरा निवडतानाही एवढ्या अपेक्षा नव्हत्या माझ्या.

१५ ऑक्टोबर, बुधवार

आज दुकानात जी शोभा झाली ती लिहून ठेवलीच पाहिजे.

बॅटरीवाल्याचं दुकान भर रस्त्यावर. बाहेर हॉर्न, आत पंखे, टेबलावर रेडिओ. ह्यांनी जाहीर केलं, "अशा गोंगाटात परीक्षा होणार नाही." रेडिओ बंद करवला. मग पंखे. मग म्हणाले, शटर ओढा.

बॅटरीवाला माझ्याकडे बघायला लागला. मी छताकडे.

शटर खाली. आत उकडून जीव जातोय, फक्त मांडणीवरच्या इन्व्हर्टरचे हिरवे दिवे. मी एकेकाला कान लावत फिरतेय, हे मागे फोन घेऊन, त्यांच्यामागे घाम पुसत बॅटरीवाला. तेवढ्यात बाहेरून कुणीतरी शटर बडवलं. "काय हो, भरदिवसा बंद? कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही," बॅटरीवाला आतून ओरडला. "गिऱ्हाईक ऐकतंय!"

मला हसू आवरेना. हे मात्र गंभीर. "शूऽऽ" म्हणाले. दुकानदाराला, त्याच्याच दुकानात.

पण माणूस चांगला. वैतागला नाही. नीट समजावलं. "बघा काकू, आवाज खरा पंख्याचा. इन्व्हर्टर तापला की पंखा फिरतो. म्हणून गरजेपेक्षा मोठा घ्या. एकटा फ्रिज त्याला काय तापवणार? तापला नाही तर पंखा कशाला फिरेल?"

पटलं. मोठा घेतला. येताना हे गाडीत गुणगुणत होते. मी फोन मागितला मोजायला. दिला नाही.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

कान दुखतायत. एवढं लक्ष देऊन तर मी लग्नातही काही ऐकलं नव्हतं.

१९ ऑक्टोबर, रविवार

काल वर दुसरा इन्व्हर्टर लावला. पंखा गप्प! संध्याकाळभर गप्प. मी "पास" म्हणायला तोंड उघडलं आणि — टक.

थोड्या वेळाने पुन्हा. टक.

हे पत्रक घेऊन बसले. बऱ्याच वेळाने उलगडा झाला. फ्रिज थांबला की इन्व्हर्टरसाहेब वीज वाचवायला डुलकी काढतात, पण मधूनमधून उठून बघतात, कुणी वीज मागतंय का. बघताना टक.

"म्हणजे रात्रपाळीची नर्स," मी म्हटलं.

"मग तुझं जमायला हवं त्याच्याशी."

"बरोबरीचीशी जमत नाही कुणाचं."

ती डुलकीची सोय बंद करता येते म्हणे. केली. टक गेलं. मग साहेब जागेच राहिले, जागं राहून तापले आणि आज दुपारच्या उन्हात पंखा सुरू झाला. ह्यांनी पत्रकाची घडी घालून ते उशीखाली ठेवलं आणि त्यावर डोकं ठेवून पडले. मी चहा केला. आज चिडवलं नाही. फार चिडवलं नाही.

२६ ऑक्टोबर, रविवार

ह्यांना संशय आहे की मी उगाच नाटकं करते. उघड म्हणाले नाहीत. म्हणाले, "तुझ्या कानांची जरा परीक्षा घेऊ."

मी डोळे मिटून कॉटवर बसायचं. इन्व्हर्टर ऐकू आला की हात वर करायचा. बसले. बाहेर वाराही नव्हता. थोड्या वेळाने हात वर केला.

"नक्की?"

"नक्की. बारीक आहे, पण आहे."

डोळे उघडते तर हे समोर वायर हातात घेऊन उभे. इन्व्हर्टर बंद, फ्रिज बंद, सगळं बंद. एवढे हसले की खुर्चीत बसावं लागलं. लगेच लेकीला फोन. "तुझी आई बंद इन्व्हर्टरही ऐकते!"

मीही हसले, काय करणार. पण आवाज आला होता. एकसुरी, ओळखीचा. कुठून ते देव जाणे.

२ नोव्हेंबर, रविवार

तिसरा आला. पंखाच नाही! आत तांब्याच्या तारेचं भलंमोठं वेटोळं, म्हणून वजन असं की बॅटरीवाल्याचा माणूस आणि हे, दोघांनी मिळून वर चढवला. चढताना वाटेत तीनदा बसले. मी खालून "जपून" म्हणत होते. इन्व्हर्टरला नाही, ह्यांना.

पंखा नाही, पण हा गुणगुणतो. खालच्या पट्टीत. बॅटरीवाल्याने आधीच सांगितलं होतं, "जड आहे तो गुणगुणणारच. भिंतीपासून लांब ठेवा." तेव्हा ह्यांनी ठरवलं, त्याला घराबाहेर काढायचा. विटांच्या ओट्यावर, हवेशीर लाकडी पेटीत. पेटीचा नकाशा काढला. समोरून, बाजूने, वरून.

सुतार नकाशा उलटसुलट करून बघत म्हणाला, "काका, आत कोण राहणार आहे?"

"इन्व्हर्टर."

"मग एखादी खिडकी तरी द्या बिचाऱ्याला."

हे विचारात पडले. मी सांगते, खरंच विचारात पडले होते!

६ नोव्हेंबर, गुरुवार

पेटी झाली. इन्व्हर्टर बाहेर. आत येऊन दार लावलं, श्वास रोखून उभे राहिलो. आणि कोपऱ्यातून — घर्रर्र.

फ्रिज.

महिनाभर आम्ही इन्व्हर्टरच्या मागे हात धुऊन लागलो होतो, आणि ज्याच्यासाठी तो घ्यायचा, तो फ्रिज त्याच्यापेक्षा मोठ्याने गुरगुरतो हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. एक नकाशेवाले, एक कानवाली! एकमेकांकडे बघितलं आणि मी जमिनीवरच बसले हसत.

लेकीला सांगायचं नाही असं ठरलं आहे.

८ नोव्हेंबर, शनिवार

फ्रिज पडवीत गेला, पार पलीकडच्या टोकाला. दूध हवं असेल तर चपला घालायच्या.

लेकीला ह्यांनीच सांगितलं. पोटात काही राहत नाही माणसाच्या.

९ नोव्हेंबर, रविवार

पास!

काहीही ऐकू येत नाही. काही म्हणजे काही नाही. झाडाचं पान पडलं तर ते कळतं. मी खोलीच्या चारही कोपऱ्यांत उभी राहिले, भिंतीला कान लावला, कॉटवर आडवी झाले. नाही. ह्यांनी फोन धरला, त्यालाही काही सापडेना.

"मग, सिस्टर?" म्हणाले.

"पास," मी म्हटलं.

 ह्यांनी खिडकी उघडली, पुन्हा लावली, पुन्हा उघडली. ह्या वयात माणूस एवढा खूश झालेला बघायला मिळतो, हे काय कमी आहे? मला फार बरं वाटलं. आता राहूनच बघायचं, म्हणून महिनाभराचं सामान वर आणलं आहे.

१० नोव्हेंबर, सोमवार

झोप नीट नाही. नवी जागा.

१२ नोव्हेंबर, बुधवार

झोप नाही. उशी बदलली. हेही जांभया देतायत. लाकडं फोडायची हौस, दुसरं काय.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

कुणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून इथे.

आज दुपारी जेवून हे आडवे झाले. मी शेजारी मासिक वाचत होते. वारा पडलेला. काही म्हणजे काही ऐकू येईना. ओळी पुढे सरकेनात. मान वळवून बघितलं — हे उताणे, तोंड मिटलेलं, छाती हललेली दिसेना. मी मासिक ठेवलं आणि त्यांच्या नाकाखाली बोट धरलं.

होता. श्वास होता. कोमट, संथ, अगदी व्यवस्थित.

हे आजचंच नाही. रोजचं चाललं आहे. डोळा लागतो न लागतो तोच जाग येते, कानाला काही लागत नाही, आणि बोट आपोआप जातं. श्वास लागला की जरा पडते. मग पुन्हा.

आधी मला वाटलं, म्हातारपण. पण तसं नाही. वॉर्डात मी आवाजाने कधी दचकले नाही. आवाज येतोय म्हणजे सगळं चालू आहे. खुर्चीत डुलकी लागायची ती त्या आवाजाच्या भरवशावर. जाग यायची ती आवाज थांबला की. आणि पुष्कळदा तो थांबलेला नसायचा, थांबवलेला असायचा. डॉक्टर मान हलवायचे, नातेवाईक बाहेर जायचे, बटण मी दाबायचे. मग खोलीत जी शांतता पसरायची ती मला नीट माहीत आहे. मी कंटाळले नव्हते, त्या शांततेला भिऊन होते. आणि कंटाळले कशाला म्हणून सांगितलं? तर आवाजाला!

ह्यांनी तीच शांतता शोधून शोधून, हौसेने, पेटी बांधून मला आणून दिली आहे.

१७ नोव्हेंबर, सोमवार

लेकीचा फोन. "आई, त्यांना काय सांगू? फ्लॅट देताय ना?"

"बाबांना विचार," म्हटलं.

"बाबा म्हणतात आईला विचार."

रविवारी सांगते म्हटलं. फोन ठेवल्यावर हे म्हणाले, "तुला काही त्रास होतोय का इथे?"

"छे," मी म्हटलं. "किती शांत आहे."

खोटं बोलायची सवय नाही मला. ह्यांनी मान हलवली आणि जांभई दिली. आजकाल ह्यांच्या जांभया मोजायलाच त्या फोनची गरज आहे.

२० नोव्हेंबर, गुरुवार

ठरलं. रविवारी सांगायचं की परत जाऊ.

कारण काय देऊ? पाणी खालून आणावं लागतं, गुडघे दुखतात, डॉक्टर लांब. तिन्ही खरी आहेत आणि तिन्ही चालतील. खरं कारण सांगितलं तर हे हसतील. नाहीतर हसणार नाहीत, ते त्याहून वाईट. "मला वाटतं तुम्ही गेलात, म्हणून मी दर थोड्या वेळाने बघते" — असं कुठली बायको नवऱ्याला चहाबरोबर सांगेल?

सकाळी हे पडवीत बसून खिडकीची चौकट घासत होते. मला बघून म्हणाले, "इथे एक फळी लावू. तुझ्या चष्म्याला." मी "हो" म्हटलं आणि आत येऊन डोळे पुसले. फार वाईट वाटतं आहे. एवढं मागून मागून घेतलं, आणि घेता येईना.

२२ नोव्हेंबर, शनिवार

खाली आले आहे, पेन्शनचं काम होतं. लेकीकडे मुक्काम. तिच्या घराखाली पाण्याची मोटर चालते, वर कुणाचा तरी टीव्ही.

मेल्यासारखी झोपले होते म्हणते लेक.

२३ नोव्हेंबर, रविवार

सकाळी चढताना सगळं पाठ केलं. पाणी, गुडघे, डॉक्टर.

दार उघडलं आणि आवाज आला. खालच्या पट्टीतला, संथ, सगळ्या भिंतीतून येणारा. हे कॉटवर उभे, हातात पाना. बाहेरची पेटी रिकामी. तो जड धोंडा भिंतीवर, बरोबर माझ्या उशाशी.

"बिघडला का?" मी विचारलं.

"नाही. आत आणला."

"एकट्याने? आणि का?"

उतरले. पाना पुसत बसले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुला काय वाटलं, मी झोपलेला असायचो? नाकाखाली गार बोट आलं की माणूस झोपेल का? म्हटलं, हलू नये. बघून झालं की पडेल जरा."

मला पाठ केलेलं एकही कारण आठवेना.

"हा चालू आहे म्हणून तुम्ही चालू आहात, असं थोडंच असतं?" मी शेवटी म्हटलं.

"नसतं. पण पडून तर बघ."

जेवून पडले. उशीच्या मागे तो गुणगुणत होता. डोळे मिटल्याचं आठवतं, पुढचं नाही. जाग आली तेव्हा उन्हं उतरली होती, आणि हे माझ्यावर वाकून, चष्मा कपाळावर, माझ्या नाकाखाली बोट धरून बसले होते.

"एवढी कधी झोपत नाहीस," म्हणाले. "म्हटलं, बघावं."